ध्रुवाकडच्या हवेचा फुकट नकाशा : ‘कॅम्स’ सेवेचे परीक्षण

मिरज-तासगाव पट्ट्यात मोबाइलवर हवामानाचा अंदाज न पाहणारा द्राक्षबागायतदार आता शोधूनच काढावा लागेल. पाऊस, दव, आर्द्रता यांच्या अंदाजावर फवारणीचा दिवस ठरतो, आणि त्या अंदाजातले किती खरे मानायचे व किती सोडून द्यायचे, याचा प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब असतो. मात्र ज्या संगणकीय यंत्रणेतून असे अंदाज तयार होतात, तिच्याच शेजारी हवेच्या रसायनाचाही अंदाज रोज तयार होतो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो, हे आपल्याकडे विज्ञान शिकवणाऱ्यांनाही फारसे माहीत नाही. ‘कोपर्निकस ॲटमॉस्फिअर मॉनिटरिंग सर्व्हिस’, म्हणजेच ‘कॅम्स’, ही ती सेवा. सांगलीतील पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वातावरणाचे रसायन शिकवताना मी तिचा वापर एका अगदी नेमक्या विषयासाठी करतो : अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह आणि सायबेरिया या विरळ वस्तीच्या प्रदेशांवरील खालच्या हवेत असणारी क्रियाशील नायट्रोजनची संयुगे. हे परीक्षण त्या वापरापुरतेच आहे. सांगलीच्या हवेचा उद्याचा अंदाज ही सेवा किती बरोबर देते, हा प्रश्न येथे घेतलेला नाही.

निष्कर्ष आधीच सांगतो. शिक्षकासाठी ही सेवा उत्तम आहे, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टींमध्ये तिच्या तोडीचे मला तरी काही सापडलेले नाही. परंतु या विशिष्ट विषयात तिच्या नकाशावर जे दिसते, त्यातला मोठा भाग कोणी मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो. आणि नकाशाचे रंग इतके आत्मविश्वासाने भरलेले असतात, की पाहणाऱ्याला हा फरक आपण होऊन जाणवत नाही.

ही सेवा युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा भाग असून ‘युरोपियन सेंटर फॉर मीडियम-रेंज वेदर फोरकास्ट्स’ ही संस्था ती चालवते. तिची दोन अंगे आपल्या उपयोगाची आहेत. पहिले म्हणजे रोज दोनदा निघणारा, पुढच्या पाच दिवसांचा जागतिक अंदाज, ज्याच्या जाळीचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा असतो. दुसरे, आणि अभ्यासासाठी अधिक मोलाचे, म्हणजे २००३ पासूनच्या हवेचे पुनर्विश्लेषण. एकच संगणकीय मॉडेल मागच्या सर्व वर्षांवर चालवून आणि त्या त्या वेळची उपग्रहांची निरीक्षणे त्यात मिसळून, दर तीन तासांची, वेगवेगळ्या उंचीवरची हवेची स्थिती त्यात साठवलेली आहे. याची जाळी जाडी, सुमारे ८० किलोमीटरची आहे. ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, धूलिकण यांच्याबरोबर नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, नायट्रिक आम्ल आणि पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट ही चारही संयुगे त्यात स्वतंत्रपणे मिळतात. हे शेवटचे नाव महत्त्वाचे आहे, कारण सर्वसामान्य प्रदूषणाच्या ॲपमध्ये ते कधीच दिसत नाही आणि उत्तरेच्या हवेत तर मुख्य पात्र तेच आहे.

विषयाची थोडी पार्श्वभूमी दिल्याशिवाय सेवेचे गुणदोष सांगता येणार नाहीत. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन दोन अणूंच्या घट्ट जोडीत बांधलेला असल्यामुळे रासायनिकदृष्ट्या जवळजवळ झोपलेला असतो. ज्वलनात, विजेच्या कडकडाटात किंवा जमिनीतील जिवाणूंच्या हातून ती जोडी सुटली, की नायट्रोजनची क्रियाशील रूपे तयार होतात. नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड ही त्यांतली धावपळ करणारी जोडी. सूर्यप्रकाशात ती एकमेकांत सतत बदलत राहते आणि त्याच फेऱ्यात ओझोन तयार होतो. पुढे तिच्यातून नायट्रिक आम्ल, कणांवर बसलेले नायट्रेट, डायनायट्रोजन पेन्टॉक्साइड, नायट्रस आम्ल आणि पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट अशी मंडळी निर्माण होतात. या सर्वांच्या बेरजेला एकूण क्रियाशील नायट्रोजन म्हणतात. अमोनिया हे क्रियाशील नायट्रोजनचे वेगळे घराणे आहे. आर्क्टिकमध्ये त्याचा एक स्रोत समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींतील विष्ठा हा आहे आणि तिथल्या उन्हाळी ढगांच्या कणनिर्मितीत त्याचा हात असल्याचे दाखवले गेले आहे. पण त्या वाटेने गेलो तर परीक्षण बाजूलाच राहील.

आकड्यांची पातळी मात्र डोळ्यांसमोर असायलाच हवी. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत साधारण २१ भाग. उत्तरेच्या निर्जन भागात जमिनीलगत उन्हाळ्यात या ऑक्साइडांची जोडी एक लाख कोटी भागांत काही दशक भाग एवढीच असते. म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळपास हजारावा हिस्सा. इतक्या कमी प्रमाणाची चिंता कशाला, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की नेमक्या याच पातळीवर हवेच्या रसायनाची दिशा ठरते. नायट्रिक ऑक्साइड लाख कोटीत काही दशक भागांहून कमी असेल, तर सूर्यप्रकाशात ओझोन घटत जातो. त्याहून जास्त असेल, तर तो वाढत जातो. शहरात हा उंबरठा कधीच मागे पडलेला असतो. उत्तरेची हवा त्याच्या अगदी काठावर उभी असते, त्यामुळे तिथे बाहेरून येणारी अल्पशी भरही मोजावी लागते.

ती भर येते कशी? नायट्रोजन डायऑक्साइडचे आयुष्य फार तर काही तासांचे, हिवाळ्यात दिवसाच्या आसपास. युरोपातल्या किंवा आशियातल्या चिमणीतून निघालेले ते स्वतःच्या पायांनी ध्रुवापर्यंत पोचत नाही. पोचते ते पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट, ज्याला सोयीसाठी ‘पॅन’ म्हणतात. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्यात ते प्रथम ओळखले गेले. त्याचा सारा स्वभाव तापमानावर अवलंबून आहे : २५ अंश सेल्सिअसला ते तासाभरात विघटित होऊ लागते, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या ४० अंशांत ते काही मिनिटेच टिकते, आणि उणे २० अंशांच्या हवेत उष्णतेमुळे होणारे विघटन इतके मंदावते, की ते महिनोन्‌महिने टिकू शकते. हरिपूरच्या पेवांत हळद जशी भरून ठेवायची आणि भाव आला की काढायची, तसा थंड हवेत नायट्रोजन या संयुगात साठवला जातो. हवा खाली उतरून तापली, की तो पुन्हा ऑक्साइडांच्या रूपात मोकळा होतो आणि मूळ धुरापासून हजारो किलोमीटरवर ओझोनचे गणित बदलतो. आर्क्टिकच्या वसंतात एकूण क्रियाशील नायट्रोजनमधला निम्म्याहून अधिक वाटा बहुधा या एकट्या संयुगाचा असतो आणि त्याचे प्रमाण लाख कोटी भागांत १०० ते ३०० च्या आसपास जाते.

आता सेवेकडे. तिचे खरे बळ हेच आहे, की पॅनचा हा सारा प्रवास ती उंचीनुसार आणि ऋतूनुसार उलगडून दाखवते. एप्रिल महिन्याची सरासरी काढून ६० अंश उत्तरेच्या वरचा पट्टा पाहिला, की मधल्या उंचीवर पॅनचा विस्तीर्ण साठा दिसतो. तीच गोष्ट जुलैची काढली, की खालच्या थरात तो विरळ झालेला दिसतो, कारण उबदार जमिनीलगत तो टिकत नाही. सोबत त्याच जागेचे तापमान उतरवून घेतले, तर दोहोंचा संबंध विद्यार्थी स्वतः आलेखावर मांडू शकतो. पुस्तकात विघटनाचा वेग देणारे समीकरण असते. पण त्या समीकरणाचा संपूर्ण गोलार्धावर पडलेला ठसा पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, आणि तो देणारे दुसरे साधन माझ्या वर्गात नाही.

वणव्यांच्या बाबतीतही सेवा उजवी ठरते. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या उष्णतेवरून धुराचे उत्सर्जन रोज अंदाजणारी एक स्वतंत्र व्यवस्था कॅम्समध्ये आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्याचा धूर कुठून निघाला आणि कुठे गेला, हे दिवसागणिक पाहता येते. वणव्यातून निघालेल्या नायट्रोजन ऑक्साइडांचे काय होते, याचे उत्तर मात्र विमानांनी दिलेले आहे. २००८ च्या उन्हाळ्यात नासाच्या ‘आर्क्टास’ मोहिमेत उत्तर कॅनडातील वणव्यांच्या धुरातून उड्डाणे झाली, तेव्हा असे आढळले, की पहिल्या काही तासांतच या ऑक्साइडांपैकी सरासरी ४० टक्के भाग पॅनमध्ये आणि सुमारे २० टक्के भाग कणरूप नायट्रेटमध्ये जातो. मॉडेलच्या ४० किंवा ८० किलोमीटरच्या चौकोनात ताजा धूर उत्सर्जनाच्या क्षणीच पसरवला जातो, त्यामुळे धुराच्या दाट लोटातील हे झटपट रसायन त्यात नीट उतरू शकत नाही. दिशा आणि विस्तार पाहायला हरकत नाही. धुराच्या पोटातले प्रमाण त्यावरून ठरवू नये.

येथून पुढे तक्रारीचा भाग सुरू होतो, आणि तो सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पुनर्विश्लेषणात उपग्रहांची निरीक्षणे मिसळलेली आहेत, हे सेवेचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण कोणत्या वायूंची? रसायनाच्या बाजूने पाहिले तर ओझोन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची, आणि कणांच्या बाजूने त्यांच्या प्रकाशीय जाडीची, म्हणजे ते किती प्रकाश अडवतात याची. पॅनचे एकही निरीक्षण त्यात मिसळलेले नाही. म्हणजे उत्तरेच्या हवेतले जे मुख्य संयुग, त्याचा संपूर्ण नकाशा मॉडेलच्या आपल्या रसायनावर, उत्सर्जनाच्या (कुठून किती वायू निघतो याच्या) याद्यांवर आणि वाऱ्यावर उभा आहे. नायट्रोजन डायऑक्साइडचे निरीक्षण मिसळले, तरी त्याचे आयुष्य इतके लहान आहे, की निरीक्षणाने केलेली दुरुस्ती काही तासांत पुसली जाते आणि मॉडेल परत आपल्या वाटेवर येते. कार्बन मोनॉक्साइड आठवडे टिकतो, त्यामुळे त्याच्यावर उपग्रहाचा वचक राहतो. आपल्या विषयावर तो राहत नाही. हा तपशील दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेला आहे, लपवलेला नाही. परंतु नकाशा पाहणाऱ्याने ते दस्तऐवज वाचलेले असतात, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल.

दुसरी मर्यादा बर्फाची आहे, आणि ती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत रंजक वाटावी. पूर्वी असे मानले जाई, की नायट्रेट बर्फावर बसले की त्याची कथा संपली. ग्रीनलंडच्या बर्फथरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवरील समिट येथे रिचर्ड हॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांतून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने ही समजूत मोडली. बर्फाच्या कणांमधल्या हवेत नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण वरच्या मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी अधिक आढळले, कारण सूर्यप्रकाशात बर्फातील नायट्रेटचे विघटन होऊन ती पुन्हा वायुरूपात बाहेर पडत होती. म्हणजे बर्फ हा नायट्रोजनचा शेवटचा मुक्काम नसून वसंतात सूर्य वर आला, की तो स्वतःच स्रोत बनतो. ही सारी घडामोड बर्फाच्या वरच्या काही सेंटिमीटर ते काही दशक सेंटिमीटरच्या थरात होते. तिच्यावरची हवा थंड आणि जड असल्यामुळे ढवळली जात नाही, आणि अनेकदा काही दशक मीटरांच्या थरातच सगळे अडकून राहते. ८० किलोमीटरच्या चौकोनाला हे काहीच दिसू शकत नाही. त्यामुळे ग्रीनलंडच्या किंवा आर्क्टिक समुद्रबर्फाच्या पृष्ठभागालगतचे नायट्रोजन डायऑक्साइड या सेवेतून काढून त्यावर प्रबंध लिहू नये. माझ्याकडे येणारा असा प्रस्ताव मी परत पाठवतो.

ध्रुवीय रात्रीची गोष्ट याच्या उलट आहे. सूर्यच नसल्यामुळे नायट्रोजन डायऑक्साइड तुटत नाही. ओझोनशी संयोग होऊन नायट्रेट मूलक, मग त्यातून डायनायट्रोजन पेन्टॉक्साइड, आणि ते ओलसर कणांवर बसून नायट्रिक आम्ल, अशी अंधारातली साखळी चालते. ही साखळी मॉडेलमध्ये आहे आणि तिचा वेग कणांच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे, त्यामुळे हिवाळ्यातील आर्क्टिक धुरके किती दाट मानले आहे, यावर नायट्रोजनचाही हिशेब फिरतो. या धुरक्याची दखल १९५० च्या दशकात अमेरिकी हवामान-उड्डाणांनी घेतली होती आणि पुढे ते प्रामुख्याने युरेशियातून येते, हे स्पष्ट झाले. त्यात सल्फेटचे प्राबल्य असल्यामुळे नायट्रोजनकडे बराच काळ दुय्यम म्हणून पाहिले गेले.

मग थेट उपग्रहच का वापरू नये, असे कोणी विचारेल. त्याच कोपर्निकस कार्यक्रमातील ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला आणि त्यावरील ‘ट्रोपोमी’ उपकरण नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे ५.५ गुणिले ३.५ किलोमीटरच्या बारकाईने पाहते. त्याची माहितीही मोफत आहे. या बारकाईचा प्रताप असा, की पश्चिम सायबेरियाच्या ओसाड प्रदेशातून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळावरील कॉम्प्रेसर ठाणी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठिपक्यांच्या रांगेसारखी ओळखता आली. ‘निर्जन उत्तर’ म्हणताना आपण जे चित्र डोळ्यांसमोर आणतो, त्याला हे ठिपके चांगलाच छेद देतात.

पण या साधनाच्या अटीही समजून घ्याव्यात. ते परावर्तित सूर्यप्रकाशावर चालते, म्हणून ध्रुवीय रात्रीत त्याला काही दिसत नाही. ज्या ऋतूत धुरके साचते, नेमक्या त्याच ऋतूत ते आंधळे असते. पांढऱ्या बर्फावर ढग आहे की नुसताच बर्फ, हे ठरवणे त्याला कठीण जाते. आणि सर्वांत मोठा सापळा म्हणजे एकूण स्तंभाचा नकाशा. उपग्रह जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा सगळा वायू एकत्र पाहतो. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या स्थितांबरात नायट्रोजन डायऑक्साइड भरपूर असते, तर खालच्या तपांबरात जवळजवळ नसते. त्यामुळे एकूण स्तंभ पाहिला, तर जूनमधला उत्तर ध्रुव चांगलाच ‘प्रदूषित’ भासतो. तपांबराचा स्तंभ वेगळा निवडला तरच अर्थ लागतो, आणि निर्जन भागात तो एका मोठ्या संख्येतून दुसरी मोठी संख्या वजा करून उरलेला असल्यामुळे त्यातली अनिश्चितताही मोठी असते. पॅनच्या नावाची तर या उपकरणाकडून अपेक्षाच नको.

जाता जाता आपल्याकडचे एक सांगतो. हा उपग्रह स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. आपल्या भागात उसाचे पाचट बहुधा दिवस कलल्यावर पेटवले जाते. त्यामुळे सांगलीच्या नकाशात ते दिसत नाही म्हणून ते होतच नाही, असे कोणी म्हणू लागला, तर त्याला उपग्रहाचे घड्याळ दाखवावे. ध्रुवाकडे परिस्थिती वेगळी आहे : तिथे लागोपाठच्या फेऱ्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून उन्हाळ्यात एकाच जागेचे दिवसात अनेक वेळा दर्शन होते. हा लाभ विषुववृत्ताकडच्या आपल्यासारख्यांना नाही.

म्हणून कॅम्सचा नकाशा विद्यार्थ्यांपुढे एकटाच ठेवू नये, असे माझे मत आहे. त्याच्या शेजारी प्रत्यक्ष मोजमाप ठेवावे. जुने मोजमाप यासाठी फार कामाचे आहे. नासाच्या ‘एबल’ मालिकेतील १९८८ च्या जुलै-ऑगस्टमधली अलास्कावरील आणि १९९० च्या जुलै-ऑगस्टमधली उत्तर कॅनडावरील उड्डाणे, तसेच त्याच काळात अलास्कातील बेथेलजवळच्या टुंड्रात उभारलेल्या मनोऱ्यावरील नोंदी यांतून निर्जन उत्तरेच्या उन्हाळी नायट्रोजनचे पहिले सविस्तर चित्र मिळाले. त्या वेळी हवेतील सर्व क्रियाशील रूपे तापलेल्या सोन्याच्या नळीतून नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलून मोजली जात. निष्कर्ष असा होता, की ऑक्साइडांची जोडी अत्यल्प, पॅनचा वाटा मोठा, आणि बाहेरून आलेल्या पॅनच्या विघटनातूनच त्या जोडीचा बराचसा पुरवठा. १९८८ हे वर्ष पुनर्विश्लेषणाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे थेट तुलना होत नाही. तरी मॉडेलने दाखवलेल्या प्रमाणांचा क्रम बरोबर आहे की नाही, एवढे त्यावरून निश्चित तपासता येते.

अलीकडच्या काळासाठी नॉर्वेच्या ‘निलू’ या संस्थेचा ‘एबास’ हा खुला साठा वापरावा. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंदजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ४७५ मीटर उंचीवर असलेल्या झेपेलिन वेधशाळेच्या नोंदी त्यात आहेत. याच न्यू-ओलेसुंदमध्ये १ जुलै २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र चालू आहे आणि त्याचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून पाहिले जाते, हे सांगितले, की वर्गातला विषय एकदम जवळ येतो. हवेचे मोजमाप उंचावर आणि गर्दीपासून दूर का करायचे, हे समजावण्यासाठी मात्र स्वालबार्डपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरील मेघभौतिकी प्रयोगशाळा सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला आहे.

मोजमापाच्या बाबतीत एक इशारा. शहरी केंद्रांवरील अनेक यंत्रांत नायट्रोजन डायऑक्साइडचे रूपांतर तापलेल्या मॉलिब्डेनमने केले जाते, आणि त्यात पॅन व काही प्रमाणात नायट्रिक आम्लही मोजले जाऊन सारे डायऑक्साइडच्या नावावर जमा होते. शहरात याने थोडा फरक पडतो. जिथे पॅनच मुख्य आहे, अशा हवेत हे यंत्र लावले, तर येणारा आकडा निरर्थक ठरेल. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या हातातल्या विद्युत-रासायनिक मीटरबद्दल तर बोलायलाच नको. त्यांची अचूकता अब्ज भागांतल्या काही भागांपर्यंत असते, आणि इथला प्रश्न त्याच्या शेकडो पटींनी खालचा आहे.

वापराच्या व्यावहारिक बाजूकडे आता वळू. तयार नकाशे पाहण्यासाठी काहीच लागत नाही. आकडे उतरवून घ्यायचे असतील, तर माहितीच्या साठ्यावर विनामूल्य नोंदणी करावी लागते, परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात, आणि मागणी रांगेत लागून पूर्ण होते. मागणी लहान ठेवली तर साधा लॅपटॉप पुरतो. सगळी वर्षे, सगळे थर, सगळे वायू एकदम मागणाऱ्याने महाविद्यालयाच्या इंटरनेटवर दया करावी. माहिती ग्रिब किंवा नेटसीडीएफ स्वरूपात येते, एक्सेलमध्ये सरळ उघडत नाही, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख लागते. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना हीच पायरी सर्वांत उंच वाटते, रसायन नव्हे. संकेतस्थळ इंग्रजीत आहे आणि सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत. साडेपाच तास मिळवण्याचे भान ठेवावे लागते.

दोन गोष्टी मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून देतो. एक, पुनर्विश्लेषणातील वायूंचे प्रमाण वस्तुमानाच्या गुणोत्तरात, म्हणजे किलोग्रॅममागे किलोग्रॅममध्ये असते, तर विमानांचे आणि केंद्रांचे आकडे आकारमानाच्या प्रमाणात असतात. हवेच्या सरासरी रेणुभाराला, म्हणजे २८.९७ ला, त्या वायूच्या रेणुभाराने भागून गुणल्याशिवाय तुलना करू नये. पॅनचा रेणुभार १२१ असल्याने हा गुणक सुमारे ०.२४ येतो, नायट्रोजन डायऑक्साइडसाठी तो ०.६३ आहे. रूपांतर न करता दोघांचे आकडे शेजारी मांडले, तर पॅनचा वाटा अडीच पटींहून अधिक फुगतो. दोन, माहिती अक्षांश-रेखांशांच्या ०.७५ अंशांच्या जाळीवर मिळते. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे ८३ किलोमीटर असते, परंतु ८० अंश उत्तरेला पूर्व-पश्चिम दिशेने ते साडेचौदा किलोमीटरवर येते. यामुळे ध्रुवाजवळचा नकाशा फार बारीक असल्याचा भास होतो. मॉडेल तिथेही ८० किलोमीटरचेच असते. नुसते ठिपके दाट झालेले असतात. प्रादेशिक सरासरी काढताना प्रत्येक ठिपक्याला अक्षांशाच्या कोज्येचे वजन दिले नाही, तर ध्रुवाभोवतीचे छोटे क्षेत्र सगळ्या सरासरीवर स्वार होते.

ही सेवा घ्यावी कोणी? वातावरणाचे रसायन शिकवणाऱ्या शिक्षकाने, एम.एस्सी.च्या लघुप्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने, आणि पायथन येणाऱ्या कोणाही जिज्ञासूने जरूर घ्यावी. मोठ्या प्रमाणावरची वाटचाल, ऋतूंचा फेरा, वर्षावर्षांतला फरक आणि वणव्यांचा विस्तार यांसाठी मी ती निःसंकोच सुचवतो. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रसायन, एखाद्या ठाण्याचे नेमके प्रमाण किंवा पॅनच्या दीर्घकालीन वाढ-घटीचा दावा यांसाठी ती वापरू नये. शेवटच्या प्रकारात उत्सर्जनाच्या याद्या आणि मिसळलेले उपग्रह काळानुसार बदललेले असल्यामुळे, दिसणारा कल हवेचा आहे की साधनांचा, हे वेगळे काढणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली मागणी अशी करावी : ६० अंश उत्तरेच्या वरचा पट्टा, कोणतेही एक वर्ष, एप्रिल आणि जुलै हे दोनच महिने, हवेच्या दाबाने ओळखले जाणारे ८५० आणि ५०० हेक्टोपास्कल हे दोन थर, आणि त्यांवरील तापमान, पॅन, नायट्रोजन डायऑक्साइड व नायट्रिक आम्ल. एवढ्यात फाइल आटोपशीर राहते, आणि झेपेलिनच्या त्याच महिन्यांतल्या उपलब्ध नोंदी शेजारी ठेवून मॉडेल कुठे जुळते व कुठे भरकटते, हे एका सत्रात तपासून होते.